वाळूखेकड्याच्या भुईकोटावर सूनबाईंची स्वारी

किनाऱ्यावर वाळू आणि वाळूत बीळ आहे तोवर वाचणारांच्या स्मरणात राहावे, एतदर्थ ही हकीकत यथास्थित, पदरची एक ओळही न घालता, लिहिली असे.

राजमान्य सूनबाई, प्राणिशास्त्राच्या संशोधिका, यांनी वाळूखेकडा नामे गनिमाचा तीन साल पिच्छा पुरविला. गनीम अंगठ्याएवढा, रंगाने हुबेहूब वाळू, डोळे दोन दांड्यांवर उभारलेले, म्हणजे आपणच बुरूज आणि आपणच पहारेकरी. एक नांगी थोर, दुसरी लहान. चाल तिरकी, परंतु दौडीस घोडा लाजावा. आणि मुक्काम भुईकोटात, म्हणजे बिळात. ते बीळ आत कसे वळते हे प्रबंधाच्या चौथ्या अध्यायात दाखविणे होते, आणि त्याकरिता रिकाम्या बिळात पातळ प्लास्टर ओतून, घट्ट होताच उकरून, अखंड ठसा काढणे होते. आधीचे दोन ठसे उकरताना तुकडे होऊन पडले. मग मार्गदर्शक सरांचा हुकूम सुटला की परवा सकाळी दहा वाजेतो अखंड ठसा मेजावर न आल्यास अध्याय बाद, आणि पदवी एक साल लांबणीवर.

सबब सूनबाई सकाळची ओहोटी साधून, प्लास्टरच्या दोन पिशव्यांनिशी किनाऱ्यावर दाखल जाहल्या. सोबत कुमकेस मातुश्री सासूबाई आल्या. कुमक मागविली नव्हती, ती आली. त्यांचे सरंजामात घडीची खुर्ची, चहाचा थर्मास आणि जाड दांड्याची बागेतली छत्री होती. सासूबाईंनी छत्री एके ठायी रोवली, मग ऊन डोळ्यांवर आले म्हणून उपटली, आणि दुसरे ठायी रोवली, आणि या फेरबदलाची वर्दी कोणासही दिली नाही. सूनबाई ते समयी पाठमोऱ्या बसून प्लास्टर कालवीत होत्या. मग त्यांनी वळून पाहिले तो एक बीळ, तोंड गोल, धन्याचा मागमूस नाही. किल्ला बेवारस मिळाला असे जाणून त्यांनी पहिली पिशवी तेथे रिती केली, आणि अर्धा तास वाट पाहून, श्वास रोखून उकरले. निघाला तो सरळसोट दांडा.

"इतकं सरळ बीळ?" सूनबाई पुटपुटल्या.

"अगं, ही तर माझ्या छत्रीची जागा!"

"आई, मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, खड्डा बुजवतेयस. म्हटलं, काय शिस्तीची पोरगी आहे!"

सूनबाईंचे डोळे भरून आले. पिशवी एक उरली, आणि पाणी फिरू लागले.

तो दहा पावलांवर अस्सल भुईकोट नजरेस आला: दारापुढे ताज्या वाळूचा पंखा पसरलेला, आणि दारात धनी स्वतः. त्यास जिताच गाडणे संशोधिकेच्या इमानास मंजूर नव्हते. परंतु वाळूखेकडा जमिनीवर राहिला तरी कल्ल्यांनीच दम घेतो, आणि ते ओले करण्यास त्यास समुद्राकडे जाणे भागच पडते. मग वेढा घालून वाट पाहावी, अशी मसलत ठरली. अडचण इतकीच की वाळूची थरथर गनिमास पायांतून कळते, आणि सासूबाईंस बसल्या जागी पाय हलविण्याची चाळीस सालांची सवय.

"आई, पाय अजिबात हलवायचा नाही."

"आणि तोंड?"

"तोंडाने वाळू हादरत नाही."

"मग बस निवांत."

मग सासूबाईंनी उजवा पाय दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि शेजारणीच्या भाचीचे लग्न कसे मोडता मोडता राहिले ते कथन आरंभिले. गनीम दोन्ही डोळे उभारून ऐकता जाहला. पाऊण तास लोटला. पायास मुंग्या आल्या, घाम फुटला, तरी पाय ढळला नाही. "आणि ऐन मांडवात मुलाची आत्या म्हणते कशी," इतके निघाले, तो गनीम निघाला, आणि तिरका चालत नेमका सासूबाईंच्या अंगठ्यावर चढला. सासूबाईंनी ते वाक्य तोंडातच गिळले. असा त्याग त्या घराण्यात पूर्वी कोणी केला नव्हता. गनीम उतरून पाण्याकडे गेला.

"ओत!" सासूबाईंचा हुकूम सुटला, आणि सूनबाईंनी ओतले.

मग भरतीची लाट मोर्चावर चालून आली, आणि सासूबाईंनी लंगडत जाऊन, दोन्ही हातांनी वाळूचा बंधारा घातला, आणि तो फुटला, आणि पुन्हा घातला, ऐसा अर्धा तास लढविला. मध्यंतरी गनीम भिजून परतला, पांढरे दार पाहून क्षणभर थबकला, आणि दोन हातांवर नवे बीळ खणू लागला; सबब तहाचे प्रयोजन उरले नाही. मग सूनबाईंनी बोटाबोटाने वाळू सारली, आणि ठसा वर आला: हातभर लांब, खाली डौलदार वळण, बगलेस एक आडवाट, आणि कोठे चीर नाही.

"मोडला नाही ना गं?"

"नाही, आई!"

दुसरे दिवशी दहास आठ मिनिटे कमी असता ठसा सरांचे मेजावर रुजू जाहला. सरांनी तो उलटसुलट केला, वळण मोजले, खोट शोधली, ती न मिळाल्याने चष्मा पुसून पुन्हा शोधली, आणि अखेर चौथ्या अध्यायावर सही केली. येणेप्रमाणे भुईकोट फत्ते जाहला. गनीम नव्या घरी खुशाल. आपल्याकडील नुकसान, एक पिशवी प्लास्टर.