आबाराव चेअरमन यांणी जाजमावरून उठण्याची मोहीम फत्ते केली त्याची हकीकत

श्रीतुळजाभवानी समर्थ. राजमान्य राजश्री समस्त सभासद, दूध सोसायटी, मौजे खडकेवाडी, परगणे जळकोट, यांचे सेवेशीं. साहेबीं पुसिलें जे, आबाराव चेअरमन यांचे गुडघे कैसे फितले आणि मागती कैसे ताब्यांत आले, तें साद्यंत लिहिणें. त्यास सेवकानें डोळां देखिला मजकूर लिहिला आहे. मीठ-मिरची लाविली असेल ती चवीपुरती.

शके एकोणीसशें आठ, क्षयनाम संवत्सर. पर्जन्यानें मुलखाकडे पाठ फिरविली, आणि विहिरींनीं तळ दाखविले, आणि वैरण दृष्टीस पडेना, मग म्हशी आटल्या आणि सोसायटीचे दुधाचे कॅन रिकामे उताणे पडले. ऐशा बिकट समयीं चेअरमनकीचे गादीवर आबाराव विराजमान होते. पूर्वीं हे तालमीचे नामांकित गडी. जत्रेंत नारळावरील कुस्त्या मारून नांव केलेलें. परंतु वय वाढलें, अंग सुटलें, आणि दोन्ही गुडघे, जे पिढीजाद इमानी चाकर, ते एकाएकीं बंडावर आले. बसावें तर उठूं देईनात, उठावें तर बसूं देईनात. घागर आणणें तों लांबच राहिलें. पाण्याचा सारा कारभार सौभाग्यवती गजराबाईसाहेब एकट्या वाहत.

सोसायटीचा दस्तूर ऐसा जे, वर्षाची सभा जाजमावर भरावी, खुर्ची कोणास नाहीं. आणि चेअरमन उभे राहिले म्हणजे सभा बरखास्त, तोंवर दुसऱ्यानें उठूं नये. गतवर्षीं आबाराव उठूं गेले तों उठवेना. हात टेंकिले, दांत खाल्ले, देवीस साकडें घातलें, व्यर्थ. सभासद ताटकळले, कित्येकांस डुलकी लागली. मग दोघांनीं बगलेंत हात घालून वर ओढिलें, तों धोतराचा कासोटा सुटला. पुढील वृत्तांत लिहितां कलम लाजतें.

तेव्हां व्हाइस चेअरमन महारुद्र, गृहस्थ मोठे मनसुबेबाज आणि गादीवर डोळा ठेवून असलेले, भरसभेंत बोलिले, “ज्यास्नी सोत्ताला उठाया येईना, त्ये सोसायटी काय वर काढणार?”

आबाराव इरेस पेटले. “फुडल्या सभंला एकला उठतो! न्हाय उठलो तर चेअरमनकी तुझी!”

ऐसा शब्द गेला. घरीं येतांच शब्द मागें घ्यावा वाटला. पण आतां काय उपयोग? जीभ मोकळी आणि गुडघे जाम, ऐसा माणूस बढाई मारूनच बुडतो!

मग उस्मानाबादेकडे कूच केलें. तेथील डॉक्टरांनीं दोन्ही गुडघे दाबिले, हालविले, आंतील कटकट कान देऊन ऐकिली आणि फर्मान काढिलें जे, झिजलें तें झिजलें, तें काय मागती उगवतें? परंतु मांडीस बळ आणावें. मांडी सबळ जाहली म्हणजे गुडघ्याचा भार ती वाहील. खोल बैठका सक्त मना. उंच आसनावर बसावें-उठावें, आणि साधेल तैसें आसन उतरवीत जावें. कळ आली तेथें थांबावें.

हें फर्मान घेऊन आबाराव तालमींत गेले, आणि सोबत सोसायटीचें टेबल व एक खुर्ची नेली. गुरुसिद्धप्पा वस्ताद, ज्यांणी उभा जन्म तांबड्या मातींत घातला, यांचा क्रोध मस्तकीं गेला.

“खुर्चीवर बसायचं आन् उठायचं, ही कसली बैठक? ही तर कचेरी!”

पोरें फिदीफिदी हांसलीं. तथापि वस्ताद न्यायी. त्यांणी स्वतः एकवार हात न लावतां, सावकाश, श्वास धरून खुर्चीवरून उठून पाहिलें. तों मांडी थरथरली. मग मिशी चाचपून हुकूम केला जे, खुर्ची राहूं द्यावी, आणि हांसेल त्यानें आखाडा खणावा.

प्रथम टेबलाचे बुरुजास मोर्चा लाविला. तो पडला. मग खुर्चीस वेढा दिला. ती कुरकुरली, परंतु शरण आली. मग वाळूची पिशवी छातीशीं धरून उठूं लागले, आणि मांड्या ऐशा पेटल्या जे आबारावांस रोज पळून जावें वाटे. पण चेअरमनकी डोळ्यांपुढें येई आणि कासोटा आठवे, मग मुकाट पुन्हा उठत. ऐसें करितां उपड्या धाकट्या कॅनापर्यंत खालीं उतरले. तेव्हां महारुद्र तालमीवरून चालले होते, ते डोकावून म्हणाले, “काय चेअरमन, दूध आटलं म्हून आता कॅनावर अंडी उबिवताय काय?”

झालें! आबारावांनीं कॅन लाथेनें उडविला आणि जुन्या जवानीच्या आवेशांत खोल बैठका मारूं लागले. वस्ताद ओरडत राहिले, ऐकतो कोण? सायंकाळीं उजवा गुडघा भोपळ्यागत सुजला आणि स्वारी बैलगाडींतून माघारी आली.

गजराबाईसाहेबांनीं एरंडाचीं पानें शेकून बांधिलीं आणि बोलिल्या, “गुडघ्याला इरेसरी कळत न्हाय, अवो. त्येला फकस्त वजन कळतंय.”

आबारावांचे डोळे पाणावले. “गजरा, जातीय आता चेअरमनकी.”

“जाईना का. पर उठाया तर शिका. मी कुठवर उठवू?”

हें वाक्य काळजास लागलें. सूज उतरतांच पुन्हा टेबलापासून आरंभ केला, निमूटपणें. खुर्ची घेतली, कॅन घेतला, मग पाट घेतला. भुई मात्र कधीं सांपडे, कधीं हातची निसटे.

फाल्गुनांत सभा भरली. महारुद्रांनीं कपटाची मसलत केली जे, सभा लांबवावी म्हणजे गुडघे गोठतील. मग वैरणीवर प्रश्न, पेंडीवर उपप्रश्न, मयत म्हशीवर शोकप्रस्ताव, ऐसा मारा चालविला. आबाराव घामाघूम जाहले. गुडघ्यांत लांकूड भरलें. आतां उठावें तों अवसान होईना, न उठावें तों गादी जाते!

इतक्यांत वेशीवर पाण्याच्या टँकरचा भोंगा वाजला. टँकर बहुत दिवसांनीं आलेला. मग कसली सभा, कसला दस्तूर! अवघें सभासद मंडळ घागरी-कळशांसाठीं उधळलें, आणि महारुद्र सर्वांपुढें. आणि आबाराव? ते टँकरपाशीं पाइपाचें तोंड धरून उभे, “बायांना आदी!” म्हणून ओरडत होते. जाजमावरून कैसे उठले, हें त्यांचें त्यांस ठाऊक नाहीं. केवढी फत्ते, आणि धन्यानेंच पाहिली नाहीं!

महारुद्रांनीं तत्काळ हरकत घेतली जे, कोणीं देखिलें? कोणी उठविलें नसेल कशावरून? शर्त पुरी जाहली नाहीं! निम्मे सभासद माना हालवूं लागले.

गजराबाईसाहेबांची घागर भरून जाहली होती. त्यांणी पदर खोंचिला आणि हुकूम केला, “बसा खाली. हितंच, फुफाट्यात.” आबाराव बसले. मग बाईंनीं ती कांठोकांठ भरलेली घागर त्यांचे खांद्यावर ठेविली. “आता उठा. सांडलं तर आज कालवण न्हाय.”

गांव भोंवतीं जमला. ऐशा दिवसांत ओंजळभर पाणी म्हणजे काय, हें सेवकानें का सांगावें? आबारावांनीं एक पाय पुढें रोविला, श्वास धरिला आणि मांडीवर भार घेतला. गुडघा कटकन वाजला, चिलीपिली घाबरलीं. मांडी थरथरली, घागर डोलली, पाणी कांठास आलें, पण ओलांडलें नाहीं. आणि चेअरमन उठले! कोणाचा हात नाहीं, बोट नाहीं! वस्ताद पोरासारखे रडले. महारुद्रांनीं फुफाट्यांत वांकून थेंब धुंडिला, तो मिळाला नाहीं. मग रामराम घालून शरण आले.

येणेंप्रमाणें चेअरमनकी कायम जाहली, गुडघ्यांशीं तह होऊन खोल बैठका उभयपक्षीं वर्ज्य ठरल्या, आणि तालमींत खुर्चीस मान मिळाला. आबाराव घागर उतरूं लागले, तों गजराबाईसाहेबांनीं सर्वांसमक्ष अखेरचें फर्मान काढिलें, “उतरू नगा. तशीच घरला न्या. अजून दोन खेपा हायत्या.” ते दिवसापासून पाणी वाहण्याचें वतन आबारावांकडे वंशपरंपरा करार जाहलें. त्याजवर दाद-फिर्याद चालणार नाहीं. बहुत काय लिहिणें, घागर जड आहे.