सल्लागारसाहेबांचं पहिलं काम

"काम मागायचं नसतं, दाखवायचं असतं!" आरशासमोर टाय आवळत सल्लागारसाहेब बायकोला म्हणाले. "आधी नमुना बघू दे गिऱ्हाइकाला. मग तेच आपल्या मागे लागतं!"

"महिन्याभरात एकही लागलेलं नाही," बायको म्हणाली. "आज नाही जमलं तर उद्यापासून दादाच्या ऑफिसात. कबूल केलंय तुम्ही."

मेव्हण्याच्या हाताखाली! नुसत्या विचारानेच टाय जरा जास्त आवळला गेला. साहेबांची अर्धी हयात गोदामं लावण्यात गेली होती. नोकरीला रामराम ठोकून स्वतःची पाटी लावली, ती काय यासाठी?

नळ, खिळे, हत्यारं विकणाऱ्या एका बाईंशी भेट ठरली होती. साहेब पोचले तेव्हा बाई बँकेत गेलेल्या आणि गल्ल्यावर त्यांचे सासरे.

"आजोबा, मी गोदामाचा सल्लागार. बाई येईपर्यंत नमुना म्हणून थोडं आवरून दाखवू?"

आजोबांनी मान डोलावली.

"अख्खं गोदाम लावलं तरी चालेल ना?"

आजोबांनी आणखी जोरात डोलावली. ते बसल्या बसल्या झोपतात हे घरच्यांना ठाऊक होतं, पण साहेबांना कोण सांगणार?

कोट काढून, बाह्या सरसावून साहेब आत घुसले. काय तो सावळागोंधळ! नळाशेजारी वॉशर, वॉशरशेजारी करवत, करवतीला टेकून पाइप! साहेबांनी सगळा माल आकारानुसार लावायला घेतला. दाराशी सगळ्यात बारका खिळा, पार टोकाला पाण्याची टाकी. दुपार कलली तेव्हा फळ्या अशा दिसत होत्या, जणू शाळेची पोरं कवायतीला उभी! साहेबांची छाती फुगली. त्यांनी फोटोही काढले.

इतक्यात बाई आल्या. मागोमाग एक प्लंबर.

"ताई, नळ, वॉशर आणि पांढरी टेप! लवकर द्या, तिकडे घरभर पाणी झालंय!"

बाई आत गेल्या आणि किंचाळल्याच. "अगं बाई! चोरी झाली!"

"चोरी नाही, मांडणी!" साहेब अदबीने पुढे झाले.

"माझा प्लंबरचा कोपरा कुठे गेला? सुताराचा कुठे गेला?"

तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला. बाईंनी माल कारागिरांप्रमाणे लावला होता. एका कोपऱ्यात हात घातला की प्लंबरचं सगळं सामान हाती! आता नळ मधल्या फळीवर, वॉशर दाराशी, आणि टेप कुठे ठेवली ते खुद्द साहेबांनाही आठवेना. प्लंबर कपाळावर हात मारून समोरच्या दुकानात गेला.

"मी आजोबांना विचारलं होतं हो!"

दोघांनी गल्ल्याकडे पाहिलं. आजोबा मान डोलावत होते.

"उद्या सकाळी या आणि होतं तसं लावून द्या!" बाई कडाडल्या. "काय कुठे कोंबलंय, ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत? दिवसाची मजुरी देईन."

"मजुरी नाही, मानधन," साहेब पुटपुटले. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

घरी शिरले ते मान ताठ करूनच. "मिळालं काम! उद्यापासून अख्ख्या गोदामाची मांडणी! बाई म्हणाल्या, तुमच्याशिवाय हे कुणालाच जमणार नाही!"

बायकोचा आनंद गगनात मावेना. तिने तिथल्या तिथे भावाला फोन लावून ऐटीत बातमी सांगितली. मग फोनवर हात ठेवून विचारलं, "अहो, दादा विचारतोय, काम उद्यापासून आहे, तर आज दिवसभर तिथे काय केलंत?"

साहेबांनी शांतपणे टाय सैल केला.

"पूर्वतयारी!"