घडाची टेस्ट राइड

गाडी बघायला जाताना लोक बायकोला नेतात, मेव्हण्याला नेतात, फार तर ओळखीचा एखादा मेकॅनिक नेतात. डिगंबरनाना केळीचा घड नेतात. कच्चा, हिरवागार, त्याच सकाळी कापलेला, आणि गोधडीत असा गुंडाळलेला की बघणाऱ्याला वाटावं, हे तान्ह्या नातवाला डॉक्टरकडे घेऊन निघालेत.

नाना माझे नात्याचे कोणी नाहीत. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांचा केळीचा मळा आणि माझा तुकडा एका बांधाला लागून आहेत, एवढंच. मी जळगावात मेहरूणला राहतो, पाइपच्या कारखान्यात हिशेब बघतो आणि माझ्याकडे कार आहे. यातली शेवटची गोष्ट नानांनी बरोबर हेरली.

त्यांचा मळा सातपुड्याच्या अगदी पायथ्याला. वाटेत नाला आहे, नुसते दगडगोटे. कार अलीकडेच थांबते, ट्रॅक्टर पलीकडे जातो पण माणसाची हाडं खिळखिळी करतो. नानांनी मोबाइलवर कुठल्याशा परदेशी माणसाला जाड टायरच्या उघड्या गाडीतून चिखलात, डोंगरात हिंडताना पाहिलं आणि त्यांचं ठरलं. "काम बी करंल अन् डोंगर बी चढंल," हे वाक्य वर्षभर ते भेटेल त्याला ऐकवत होते.

ही गाडी घ्यायची तर नीटच घ्यायची, म्हणून परीक्षा ठरली. गाडीच्या मागच्या कॅरियरला घड बांधायचा आणि गाडी दगडधोंड्यांवरून फिरवायची. मग घड घरी आणून पिकत घालायचा. कच्च्या केळीला मार लागला तर तेव्हा कळत नाही, पिकताना साल काळी पडते. त्यामुळे निकाल लागायला आठवडा जायचा. सेल्समन बिचारा इंजिनाची ताकद सांगायचा, ब्रेक सांगायचा. नाना सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ते ठीक हाये. केळं काय म्हनतं ते पाहू. केळं खोटं नही बोलत भो."

जळगावचा सेल्समन मला फोन करून विचारू लागला, "काका, निकाल लागला का?" बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखा त्याचा आवाज असायचा. त्याची पहिली गाडी नापास झाली, दुसरीही झाली. नापास गाड्यांची केळी आमच्या घरी यायची. शिकरण खाऊन खाऊन माझी बायको एक दिवस म्हणाली की नानांना सांगा, आता कुठलीही गाडी घ्या, रंग आवडला तरी घ्या.

या सगळ्यात नानांच्या घरातून एकही प्रश्न कधी आला नाही. त्यांच्या बायकोनं, कमलअक्कांनी, कुठली गाडी, कशी गाडी, काही विचारलं नाही. मागच्या वर्षी अक्का ओट्यावरून घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसवली. तेव्हापासून त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालतात. खरं तर मळा त्यांचाच. नानांकडे फक्त व्यापाऱ्यांशी बोलणं. पाणी, खत, मजूर, सगळं अक्कांच्या हातात, आणि त्यांचा आवाज बांध ओलांडून माझ्या तुकड्यापर्यंत यायचा. पडल्यापासून त्यांनी मळा पाहिला नव्हता. मोटारसायकलवर त्यांना बसता येत नाही आणि ट्रॅक्टरचा एक धक्का त्यांना पेलणार नाही. आम्ही घड घेऊन निघालो की त्या दारातल्या खुर्चीवरून नुसत्या बघायच्या.

शेवटी आम्ही धुळ्याला गेलो. तिथं दोन गाड्या होत्या. एक अरुंद, हँडलची, एका माणसाची. दुसरी रुंद, स्टिअरिंगची, शेजारी शेजारी दोन सीट, मागं माल ठेवायला हौदा. सेल्समन अरुंद गाडीवर थाप मारत अहिराणीत म्हणाला, "नाना, हाई गाडी तुमना मळाकरताच बनेल शे." नानांनी मुद्दाम दोन घड आणले होते. एकेका गाडीवर एकेक बांधून दोन्ही फिरवल्या.

आठवड्यानं निकाल लागला. अरुंद गाडीचा घड पिवळाधमक, एक डाग नाही. रुंद गाडीच्या घडावर दोन काळे ठिपके. शिवाय अरुंद गाडी केळीच्या दोन ओळींतून सहज जाते, रुंद जातच नाही. मी मनातल्या मनात पेढे वाटले. आणि नाना म्हणाले, रुंदवाली घेऊ.

मी भडकलोच. वर्षभर मला आणि माझ्या कारला केळीत लोळवलं, आणि आता केळीचंच ऐकायचं नाही म्हणजे काय?

"त्या बारकीवर दुसरं मानूस कुठं बसंल?" नाना म्हणाले. "वरीस झालं भो, ती मले एक शब्द टोचून बोलली नही. विचारलं तेवढं सांगते. घरात पाहुन्यासारखं वाटतं मले."

माझा राग कुठल्या कुठे गेला. केळी विकणाऱ्या माणसाला अक्कांसारखं नाजूक सामान न्यायचं म्हटलं की घडच आठवणार, हे मला आधीच कळायला हवं होतं.

टेम्पोतून गाडी गावात आली. ती ओळींत जात नाही हे सगळ्यांना दिसत होतंच. नानांनी दुसऱ्या दिवशी कोयता घेतला आणि बांधापासून विहिरीपर्यंत केळीची एक अख्खी ओळ आडवी केली. घड लागलेली, महिनाभरात कटाईला येणारी. गाव म्हणालं, नाना कामातून गेले. मला गाव पटत नव्हतं, पण कापलेल्या घडांचा हिशेब मीही करून पाहिला.

रविवारी नानांनी डाव्या सीटवर गोधडी अंथरली. अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मले काय घडासारखं बांधून नेता का?" तरी त्या बसल्या. मला मागच्या हौद्यात जागा मिळाली. नाना गाडी इतकी हळू चालवत होते की गावातलं एक कुत्रं आम्हाला मागे टाकून निघून गेलं. नाल्यात तर त्यांनी एकेका दगडाची परवानगी घेतली. अक्कांनी समोरचा दांडा घट्ट धरला होता.

मळ्याच्या तोंडाशी गाडी थांबली. कापलेले बुंधे विहिरीपर्यंत ओळीनं दिसत होते. अक्का ते पाहत राहिल्या.

"ही ओळ कोनी कापली?"

"म्या."

"घड लागलेली?"

नानांनी मान डोलावली. मग अक्का सुरू झाल्या. आधी नानांची अक्कल काढली, मग गवत, मग वाळलेली पानं न कापणारे मजूर, मग ठिबकची गळणारी नळी. तिथून त्या बांध ओलांडून माझ्या तुकड्यावर आल्या आणि मलाही सोडलं नाही. मी मध्ये काही बोलायला गेलो, तर नानांनी मागं न बघता हात करून मला गप्प बसवलं. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, मागून कळेना.

"पुढं घ्या," अक्का म्हणाल्या. "विहिरीपर्यंत सगळं पाहायचं हाये मले."

नानांनी गाडी सुरू केली, आणि डोळे पुसायला एक हात स्टिअरिंगवरून काढला.

"दोन्ही हातांनी चालवा," अक्का म्हणाल्या.