देव्हाऱ्यातली मेमरी

दसऱ्याला शिलाई मशीन आणतो म्हणून पुण्याला गेलेला गोकुळ तळहाताएवढं पाकीट घेऊन निमोण्याला परतला, तेव्हा त्याच्या बायकोला, सुवर्णाला, धक्काच बसला. पाकिटात कॉम्प्युटरच्या मेमरीची पट्टी होती.

"अवो, मशीन कुठाय?"

"फास्ट मेमरी हाय ही. ठरल्यापेक्षा जास्त स्पीडनं पळवता येती. जुनी पट्टी त्या स्पीडला दोन मिनिटं टिकायची न्हाई."

तिचा चेहरा बघून त्याने घाईघाईने पुस्ती जोडली, की पाकीट फोडलं नाही तर दुकानदार परत घेतो. सुवर्णाने पाकीट उलटसुलट करून ते फोडलेलं नाही ना, ते पाहिलं. तेव्हाच गोकुळने सावध व्हायला हवं होतं, पण सणसवाडीच्या कंपनीत त्याने अख्ख्या शिफ्टला पट्टीचं कौतुक सांगून ठेवलं होतं. सोबत काम करणारा महेंद्र तर खंडेनवमीला टेस्ट बघायला घरीच येणार होता.

मागच्या खेपेला गोकुळच्या हातून पट्टीची क्लिप मोडली होती. तेव्हापासून असली नाजूक कामं सुवर्णाकडे होती. नवी पट्टी बसवून ठेव, एवढं सांगून खंडेनवमीच्या सकाळी तो शिफ्टला गेला.

दुपारी तो महेंद्रला घेऊनच आला. आल्या आल्या त्याने स्पीड वाढवला, टेबलफॅन सीपीयूकडे वळवला आणि मेमरीची टेस्ट लावली. चूक सापडली की स्क्रीनवर लाल ओळ येणार होती. एकही आली नाही. त्याने स्पीड आणखी चढवला, तरी नाही. महेंद्र हातातला चहा प्यायचा विसरला.

"जुनी असती तर धूर निघाला असता," गोकुळ स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला.

सुवर्णा पदराला हात पुसत बाहेर आली. "भावजी, ही पक्की पास झाली ना?"

महेंद्रने छातीवर हात ठेवून सांगितलं, की एवढी पक्की पट्टी त्याने जन्मात पाहिली नाही.

तेवढ्यात गोकुळच्या आईने, सिंधूबाईंनी, आरतीला हाक मारली. देव्हाऱ्यापुढे विळा, खुरपं, कुऱ्हाड, नट-बोल्टचे पाने मांडले होते. त्याच रांगेत हळदी-कुंकू लावलेलं मेमरीचं पाकीट होतं. वर झेंडूचं फूल. पाकीट फोडलेलंच नव्हतं. गोकुळने वाकून पाकिटाचं सील पाहिलं.

"आई, हे हितं कसं?"

"नवं अवजार आधी देवाम्होरं," सिंधूबाई म्हणाल्या. "पूजा उठल्याबिगर वापरायचं न्हाई. येवढं बी ठावं न्हाई व्हय?"

गोकुळने बायकोकडे पाहिलं.

"मग आत काय पळत व्हतं?"

"जुनीच. दोन मिनिटं न टिकणारी," सुवर्णाने निरांजनाची वात सारली. "पूजा उठली की कुंकू पुसा, पाकीट परत द्या, आन् येताना मशीन आणा."

गोकुळने आधारासाठी महेंद्रकडे पाहिलं, पण महेंद्रने थंड झालेला चहा तोंडाला लावला. जुनी पट्टी त्याच्याच डोळ्यांदेखत पास झाली होती.