मायलेकी, बाप आणि रक्तदाब

तीन वेगवेगळ्या दिवशी मुलीचा रक्तदाब जास्तच भरला, तेव्हा शाळेच्या नर्सबाईंनी तिच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. नववीतली पोर. दुखणं नाही, तक्रार नाही. नर्सबाईंना घोर लागला होता तो त्याचाच.

"यंत्र बिघडलंय तुमचं," वडील खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले.

"परवाच तपासून आणलंय."

"मग माझा बघा. मी ठणठणीत आहे, लगेच कळेल." त्यांनी बाही सरकवून दंड पुढे केला. आकडा लेकीला कितीतरी मागे टाकून गेला. वडील विजयी चेहऱ्याने बायकोकडे वळले. "म्हटलं नव्हतं, बिघडलंय?"

नर्सबाईंनी ओठ घट्ट मिटून आईचा दाब घेतला. तो अगदी हवा तेवढा निघाला.

"हिचा मात्र बरोबर दाखवलाय," वडील म्हणाले.

"घराण्यात कुणाला हृदयाचा त्रास?"

"छे. आमच्याकडे आजारपण माहीतच नाही. माझे वडील पन्नाशीच्या आत गेले, तेसुद्धा खुर्चीत बसल्या बसल्या. एक दिवस अंथरूण धरलं नाही."

नर्सबाईंनी डोळे मिटले. "अहो, तोच तर त्रास."

"आणि ह्यांचे काकाही असेच धडधाकट गेले," आई म्हणाली. "हे जेवताना मिठाचा डबा मांडीशी घेऊन बसतात. पोरगी बघतेय की."

"तू अळणी करतेस म्हणून."

"मी टीव्हीवरच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं करते."

"कुठल्या डॉक्टरांनी?"

ते दोघं असे जुंपले की नर्सबाईंना टेबलावर हात आपटावा लागला. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. हे तिला रोजचंच असावं.

"बापलेकींनी डॉक्टरांकडे जायचं. उद्याच," नर्सबाई म्हणाल्या. "आणि संध्याकाळी तिघांनी मिळून चालायचं."

"मी कशाला? माझा बरोबर आहे ना?" आईने विचारलं.

"ह्यांना घराबाहेर कोण काढणार?"

हे मात्र आईला पटलं.

काही आठवड्यांनी मुलगी पुन्हा आली. वडिलांना गोळी सुरू झाली होती, तिला लागली नव्हती, आणि तिचा दाब चांगला उतरला होता. नर्सबाईंचा विश्वास बसेना.

"खरंच चालता तिघं?"

"रोज. आईबाबा वाटभर भांडतात."

"आणि तू?"

"मी भरभर पुढे जाते, ऐकू येणार नाही इतकी." मुलीने बाही खाली ओढली. "पण हल्ली तेही झपाझप चालायला लागलेत. आता मला पळावं लागतं."