काटा उठला, गाडी बसली

कृष्णनाथ गावस यांच्या गाडीचा पेट्रोलचा काटा चार वर्षांपूर्वी शून्यावर आडवा झाला, तो पुन्हा उठलाच नाही. घरात कुणी त्याचे सुतक धरले नव्हते. गाडी अठरा वर्षांची, कृष्णनाथ पोस्टातून निवृत्त झालेले, आणि हळर्ण गावातले शेजारीपाजारी दोघांनाही प्रेमाने कामाला लावत.

त्यांच्या मुलीला, गौरवीला मात्र तो काटा सहन होईना. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. सोमवारी दहा वाजता तुयेच्या औद्योगिक वसाहतीत तिची मुलाखत होती, तीही मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे मेलेल्या काट्याच्या गाडीतून उतरायचे तिच्या जिवावर आले होते. शिवाय नोकरी लागली तर रोज हीच गाडी न्यायची होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिने मल्टीमीटर बाहेर काढला आणि आधी चौकशी सुरू केली.

"बाबा, ह्या चार वर्सांत पेट्रोल कधी संपला?"

"एकदाय नाय."

"तुमी कधी घालतास?"

कृष्णनाथ विचारात पडले. "गेल्या गणपतीच्या चवथीक घातललंय वाटता."

"चवथ होऊन आठ म्हयने झाले, बाबा!"

"मगे? गाडी चलता न्हय?"

गौरवीने वहीत लिहिले: टाकी कधीच रिकामी होत नाही. कारण अज्ञात.

फ्यूज शाबूत होता. तिने मागची सीट उचलली आणि टाकीवरचे झाकण उघडले. एक वायर खुंटीवरून सुटलेली होती. सुटलेली कसली, तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली होती आणि टेपवर पांढऱ्या दोऱ्याच्या तीन गाठी. उंदीर वायर कुरतडतो. कुरतडून झाल्यावर टेप लावत नाही, एवढे विज्ञान गौरवीला येत होते. मेकॅनिकची करामत असणार, असे ठरवून तिने टेप सोडवली आणि वायरीचे टोक क्षणभर गाडीच्या पत्र्याला टेकवले.

"बाबा, काटो बगा!"

पुढच्या सीटवर चावी फिरवून बसलेले कृष्णनाथ किंचाळले, "उठलो! गो, उठलो! पुराय वयर गेलो! रवळनाथाक नारळ दिवक व्हयो!"

"नारळ नको. मीटर बरो आसा, इतकोच त्याचो अर्थ."

मग तिने वायर खुंटीवर घट्ट बसवली. काटा डुलत डुलत पाऊण टाकीवर येऊन थांबला. सोप्यावर अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, बांधत बसलेल्या आईने, कमलाक्षीने, मान वर केली.

"काय केलंस गो?"

"काटो दुरुस्त केलंय, आई!"

"बरा," आई म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला. जरा जोरातच तोडला.

कृष्णनाथांच्या पोटात ही बातमी राहणे शक्यच नव्हते. ते तडक शेजारच्या बाबलीच्या दुकानावर गेले आणि मुलीच्या विद्येचे वर्णन करून आले. शनिवारी सकाळी बाबली दारात हजर. गाडी मागायची त्याची एक पद्धत होती. आधी प्रकृती, मग सुपारी, मग पाऊस, आणि उठता उठता सहज आठवल्यासारखी गाडी.

"डिचोलेक भैणीकडे जाऊन येतंय म्हणा होतंय..."

"व्हर रे! विचारतंस काय?" कृष्णनाथ म्हणाले. नाही म्हणणे त्यांना पोस्टातही कधी जमले नव्हते.

बाबलीने चावी फिरवली आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा! पाऊण टाकी! आता भिया नाय."

संध्याकाळी त्याने डिकीत केळ्यांचा अख्खा घड ठेवून गाडी परत आणली. काटा अर्ध्यावर आला होता. रविवारी पहाटे पलीकडच्या घरचा गोकुळदास म्हापशाला लग्नाला गेला आणि दोन फणस घेऊन परतला. दुपारी समोरच्या भाग्यलक्ष्मीबाय जावयाला सारथी करून पणजीला गेल्या. त्यांनी येताना पोह्यांचे लाडू आणले. गाडी परत करताना सगळ्यांनी काट्याची मनापासून स्तुती केली.

सोमवारी आठ वाजता गौरवी इस्त्रीचा ड्रेस घालून गाडीत बसली. काटा शून्यावर होता.

"बाबा, पेट्रोल नाय!"

"काटो काय, तो चार वर्सां थंयच आसलो. गाडी कधी रवली?"

"पण आता तो खरा सांगता!"

"पयलीं खोटा सांगी तेन्ना चलत होती, आता खरा सांगताना कशी रवतली?"

या तर्काला भौतिकशास्त्रात उत्तर होते, पण वेळ नव्हता. पेडण्याची बस गेली होती आणि पंपही पेडण्यालाच होता. गौरवी देवाचे नाव घेऊन निघाली. पेडण्याच्या अलीकडच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि ती बसली. डिकीत उरलेला एक फणस गडगडला.

दीड तासाने पाठीमागून बाबली स्कूटरवर आला. "काय गो? काटो चालू केलंस ना तुया?"

"काटो चालू आसा, काका. पेट्रोल संपला."

"आयला! मी शनिवारी घालतलंय होतंय. दर खेपेक घालतंय. खाली काटो बगून माझी छातीच धडधडता, म्हणून पयलीं पंपार जातंय. गोकुळदासय तसोच. पण ह्या खेपेक काटो इतको वयर..."

वहीतले अज्ञात कारण हेल्मेट घालून गौरवीसमोर उभे होते.

स्कूटरवरून ती तुयेला पोहोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. केसांत धूळ, हाताला ग्रीस.

"उशीर का झाला?" साहेबांनी विचारले.

"सर, मी गाडीचा पेट्रोलचा काटा दुरुस्त केला, म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणून? पुन्हा सांगा."

तिने फ्यूजपासून फणसापर्यंत सगळे क्रमाने सांगितले. तिघेही साहेब हसून हसून टेबलावर वाकले. शेवटी एकाने डोळे पुसत विचारले, "मग दोष नेमका कशात होता?"

"उपकरणात नव्हता, सर. उपकरण खरे बोलल्यावर माणसे कशी वागतील, हे मी मोजले नव्हते."

पुढच्या सोमवारपासून यायला सांगितले.

बाबलीने कबुलीजबाब दिल्यासारखे पाच लिटर पेट्रोल आणून गाडी घरी पोहोचवली होती. संध्याकाळी गौरवी कुणाच्या नकळत टेपची गुंडाळी घेऊन गाडीपाशी गेली. मागचे दार उघडेच होते. सीट उचललेली होती. आत कमलाक्षी गुडघ्यांवर बसली होती. वायर सुटलेली, टेप लावून झालेली, आणि ओठांत पांढरा दोरा.

"आई! तू?"

"मेकॅनिकाक विचारललंय, खंयची वायर काडली की काटो पडता म्हणान. चार वर्सां झाली." आईने दोरा ओठांतून काढला. "तुझ्या बाबांच्यान कोणाक नाय म्हणूक जायना. माझ्यानय जायना. म्हणान काट्याक नाय म्हणूक सांगललंय. बगत काय रवलंस? हंय बोट धर, गाठ मारूची आसा."

गौरवीने बोट धरले. आईने एक, दोन, तीन गाठी मारल्या, अगदी वळेसरासारख्या.

बाहेर खाकरण्याचा आवाज आला. गोकुळदास कृष्णनाथांना प्रकृती विचारत होता. मग सुपारी झाली. पाऊस झाला.

"गाडी आसा मा?"

"आसा, काका!" गौरवीने आतूनच ओरडून सांगितले. "पण काटो परत मेलो!"

कृष्णनाथांनी चावी पुढे केली.

"बरा तर," गोकुळदास खोल श्वास घेऊन म्हणाला, "पयलीं पंपार जातंय."