मावशीचा मेणाचा पाय

लॅटिन ही भाषा मजला उत्तम अवगत आहे, असे मी नम्रपणे नमूद करतो! चर्चमध्ये बालपणी मेणबत्त्या पेटवता पेटवता ती माझ्या कर्णपथातून आत शिरली. सबब, एर्मेलिंदा मावशीचा नवस फेडण्याचे दायित्व मजकडे येणे स्वाभाविक होते. दुसऱ्याच दिवशी तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. तत्पूर्वी मेणाचा पाय डोंगरावरील मारियामातेस अर्पण झालाच पाहिजे, असा तिचा हट्ट!

काठी टेकीत चालणाऱ्या मावशीस घेऊन मी पायथ्याच्या रोमन अवशेषांतून आडवाट धरली. तेथे एका छपराखाली मांडीवर बाळ घेतलेली पाषाणमाता विराजमान! पुढ्यात मातीच्या पायांची रांग! शिलालेखावर मी बोट फिरविले.

"'वोतुम सोल्विट'! म्हणजे नवस फेडला! मावशी, हेच मातेचे मूळ स्थान! डोंगर चढण्याचे प्रयोजनच नाही!"

"पण हिला नाक कुठंय रे?"

"प्राचीन मातांना नाक नसते."

मावशीने पाय ठेवला, छातीवर क्रूस काढला. तोच अवशेषांची पहारेकरीण निवेस धावत आली.

"अहो मावशी, ही मारिया नव्हे! येशूच्याही आधीची देवी आहे ही!"

मावशी पांढरीफटक पडली. "मुडद्या! माझा पाय परक्या देवीच्या ओटीत घातलास? दे गं पोरी तो इकडे!"

"कुंपणाच्या आत सापडलेली वस्तू सरकारजमा. नियम आहे."

"सापडली कुठं? आत्ता ठेवली मी!"

"मला आत्ताच सापडली ना!"

संतापाने मावशीने काठी तेथेच भिरकावली आणि मारियामातेकडे फिर्याद नेण्यास निघाली. अहो, डोंगर चढली की काय! जणू शिखरावर फुकट वाइन वाटत होते! मी भात्यासारखा फुसफुसत मागे.

"मावशी, गुडघा!"

"चुलीत गेला गुडघा!"

चर्चच्या दारी पाद्री गाउदेंत्सिओ उभे होते. "एर्मेलिंदाबाई! काठीविना? चमत्कार! कुठंय तो नवसाचा पाय? मातेपुढं टांगू!"

मावशीने गुडघा वाकवून पाहिला. पुन्हा वाकविला. कळ नाही!

"उद्याचं ऑपरेशन रद्द!" ती ओरडली. मग आवाज खाली आला. "पाय तेवढा... मातेच्या शेजारणीकडं राहिला, फादर."

"कोण शेजारीण?"

मी सविस्तर निवेदन केले. आता आम्हां उभयतांस चर्चचे दार कायमचे बंद, या भीतीने मी नेत्र मिटले. फादरांनी खरोखरच दार लोटले, इकडेतिकडे पाहिले आणि स्वतःच्या दुखऱ्या कमरेवर हात दाबीत पुसले,

"ती शेजारीण... रविवारी भेटते का रे?"